गुलाब, तारेपाशी बसलेला म्हातारा तुले काय म्हणाला?

गुलाब,

तुझ्या दहाव्याले कावळा शिवत नव्हता, तेव्हा नदीवरच्या सगळ्या माणसांनी माझ्याकडं पाहिलं. तुझ्या पोराकडं नाही, तुझ्या भावाकडं नाही, माझ्याकडं. जसा काही कावळा मीच खिशात घालून उभा होतो.

मी बाजूले लिंबाखाली होतो, हात मागं बांधून. आमच्या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, हे तुले ठाऊक. बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर बसून होतो. अक्षरं गिरवायच्या आधी मी प्रतिज्ञा पाठ केल्या, अन् आजपर्यंत एकही मोडली नाही. तूच म्हणायचा, “दौलत्या, माह्या दहाव्याले येजो, पण हात नको लावजो कशाले. नुसता उभा राह्य. तू उभा असला का मले वाटन जीपस्टँडवरच आहो.” म्हणून आलो. उभा राहिलो. अन् तिथंही तू मले सोडलं नाही.

बाभळीवर कावळे होते. मान तिरपी करून खाली पाहत होते, पण उतरत नव्हते. तुझा संजय बोलला, “बाबा, मायले सांभाळीन, तुमी काई काळजी नोका करू.” कावळा हलला नाही. तुझा भाऊ बोलला, “वावराच्या धुऱ्याचं भांडण मिटवून टाकतो गा.” कावळ्यानं पंख खाजवला. मग मागून कोणीतरी म्हणालं, “दौलतकाकाले म्हणा, हार माना एकदाची. दोघाइचं ते तेलाचं भांडण बाकी हाय ना!” माणसं हसली. दहाव्यालेही माणसं हसतात, ते बरंच असते. पण हसू विरलं अन् सगळे खरोखर माझ्याकडं पाहाले लागले.

मी म्हटलं, “मी काही बोलणार नाही.”

अन् मले तुझाच संशय आला. जिवंतपणी जे तुले माझ्या तोंडून वदवता आलं नाही, ते तू मेल्यावर कावळ्याच्या हातानं करवून घेऊन राह्यला.

तुले सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्याले कळलं पाहिजे म्हणून भांडण सांगतो. दारव्ह्याच्या जीपस्टँडवर, चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर, तुझी जीप भरेपर्यंत ते चालायचं. पुढं जीप संजय चालवू लागला तरी तू बाकड्यावर येतच राह्यला, म्हणून भांडणही येत राह्यलं. मी चौथी शिकलेला. पेपर मोठ्यानं वाचायचो, ओळीखाली बोट ठेवून. तू ऐकायचा, डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणून. मोतीबिंदू काढला तरी ऐकतच राह्यला. तुले वाचता येत होतं का नाही, हा संशय मले कायम होता. विचारलं नाही. तूही कधी माझं बोट काहून अडते ते विचारलं नाही.

मधली काही वर्षं तू आखातात होता. परदेशी फौजेच्या छावणीले टँकर न्यायचा, कधी डिझेलचा, कधी पाण्याचा. कोणाची फौज, ते मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की माणसं नावावर भांडतात अन् गोष्ट बाजूले राहते.

पेपरात तिकडची बातमी आली, जहाज गेलं, विमानं उतरली, नवा तळ बसला, की माझं बोट तिथं थांबायचं.

“हे तेलासाठी,” मी म्हणायचो.

“राखणीसाठी बे,” तू.

“कोणाच्या राखणीसाठी?”

“सगळ्याइच्या. तुह्या बी.”

“मले कोणं इचारलं?”

“तुले कोण इचारते? तुह्यी बायको तरी कोणती भाजी टाकू म्हून इचारते का?”

टपरी हसायची. टपरीले तुझीच बाजू आवडायची, कारण तू बोलताना हात हलवायचा अन् मी बोट ठेवून बसायचो. हसणाऱ्यांच्या गर्दीत खरं असते असं मी मानत नाही. तेव्हाही मानलं नाही.

मले राखणीचाच संशय काहून, हे दुसऱ्या कोणाले नसलं तरी तुले पक्कं ठाऊक होतं. नाल्याकाठच्या वावरात माझी तूर असायची अन् डुकरं अन् रोही, म्हणजे नीलगायी, यांचा धाक असायचा. शेजारचा पाटील एक दिवस आपणहून आला. म्हणाला, दौलत, तुझं वावर उंचावर आहे, तिथं मचाण बांधतो, माझा माणूस बसेल अन् दोन्ही वावरं राखेल, तू काही देऊ नको. मी कचरलो. तूच म्हटलं, “घे ना लेका, फुकट राखण भेटून राह्यली.” घेतली.

मचाण बांधलं. मचाणावर जायले पायवाट पडली. पायवाटेनं शिदोरी आली, मग पाटलाचं खत आलं, मग बैलबंडी आली. रोही त्या साली एकदाही आली नाही. मी म्हटलं, आता मचाण काढा. तर त्याचा माणूस वरूनच म्हणाला, “अन् रोही आली तं?” न आलेल्या रोहीनं माझ्या वावराचा पट्टा खाल्ला. ती वाट आजही माझ्या तुरीतून जाते अन् त्या पट्ट्यात गवतही धड उगवत नाही.

म्हणून मी म्हणायचो, “तिकडच्या लोकाइच्या वावरात कोणीतरी मचाण बांधलं, गुलाब. रोही त्याइची, मचाण फौजेचं, अन् तूर कोण सोंगून नेते ते पाह्य.”

तू एकदाच मले याचं नीट उत्तर दिलं. हात न हलवता. तू म्हणाला, “दौलत्या, पण रोही खरंच आली होती ना गा तिकडं. एक राजा दुसऱ्याच्या मुलखात घुसला. जाता जाता तेलाच्या विहिरी पेटवून गेला. मी पाह्यल्या. भर दुपारी लाइट लावून टँकर चालवला मी. वरून काजळीचा पाऊस. अंगावरचा सदरा धुतला का पानी काळं. तवा तुह्या मचाणावरचा माणूस, तो फौजीच होता रस्त्यावर, दुसरं कोणी नोतं. मले त्यानंच पानी पाजलं.”

मी चहा सांगितला. तू जिंकल्यासारखा प्यायला.

अन् ती हिरवी कॅन. तू आखातातून सगळ्यांसाठी काही ना काही आणलं. कोणाले घड्याळ, कोणाले अत्तर, अन् मले फौजेची लोखंडी कॅन. माझ्या विहिरीवर डिझेलचं इंजन होतं म्हणून. तिच्यावर परदेशी अक्षरं ठोकलेली. मी ती गोठ्यात खुंटीले टांगून ठेवली. डिझेल आणीन तर आपल्या पत्र्याच्या डब्यानंच आणीन, म्हटलं. मग एका हंगामात डबा गळाले लागला अन् पावसाचा पत्ता नव्हता. कपाशीच्या पऱ्हाटीनं माना टाकल्या होत्या. मी कॅन काढली, पुसली अन् पंपावर घेऊन गेलो. भरून येताना तू बाकड्यावरून पाहिलंच.

“आली का छावणी तुह्या बी वावरात!”

सगळे हसले. मी म्हटलं, नुसता डबा आहे.

“डबाच हाय. पण त्याच्यात जाते ते कुठून येते, सांग. आपल्या नाल्यातून निंगते का? ज्याच्या जिवावर तू पऱ्हाटी ओलवतं त्यालेच शिव्या देतं.”

“मी कोणाच्या दारात फौज नेऊन ठेवली नाही.”

“तुह्यासाठी दुसऱ्यानं ठेवली. तू फक्त कॅन घेऊन गेला.”

मी ती भरलेली कॅन तिथंच बाकड्याखाली ठेवली अन् पायी घरी आलो. पुढं काही दिवस टपरीवर फिरकलो नाही. पऱ्हाटी वाळली तरी चालेल, असं मी घरात बोललो, अन् बायकोनं मले जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग एका सकाळी तुझी जीप, बाया, कोंबड्या अन् सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेली, माझ्या वावराच्या कडेले थांबली. तू उतरला, कॅन इंजनापाशी ठेवली, हँडल मारून इंजन चालू केलं अन् निघून गेला. जीपमधल्या बाया उशीर होते म्हणून तुले शिव्या देत होत्या, त्या मले ऐकू येत होत्या.

गुलाब, तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवतो. त्या साली पऱ्हाटी वाचली. पण तू जे बोलला ते मात्र डिझेलच्या वासासारखं हातावर राहून गेलं. साबणानं जात नाही.

म्हणूनच पुढं मी तिकडच्या फौजेपेक्षा आपल्याच देशाच्या बातम्या जास्त बारकाईनं वाचू लागलो. कुठं कोणावर बॉम्ब पडले की आपण ‘चिंता व्यक्त केली’ असं छापून यायचं. मी तुले विचारायचो, ही चिंता कोणाकडं पाहून व्यक्त केली? मरणाऱ्याकडं पाहून, का तेल देणाऱ्याकडं पाहून? एका देशाचं तेल आपण घेत होतो, तिसऱ्यानं डोळे वटारले अन् बंद केलं. दुसऱ्याचं स्वस्त भेटलं, तर तो लढाई करून राह्यला तरी आपली मान खाली.

तू म्हणायचा, “मंग काय करावं? तुह्या घरात मीठ शेजाऱ्याचं असन तं तू शेजाऱ्याशी भांडशीन का?”

“म्हूनच म्हणतो, मीठ आपलं पायजे.”

“आपलं नाई ना बे! जमिनीतून निंगतच नाई तं काय तू खोदशीन?”

“मंग अळणी खाऊ.”

“खाय तू. माही जीप अळणी चालत नाई.”

इथं भांडण दरवेळी अडायचं, कारण तेवढ्यात जीप भरायची. तू बरोबर होता का मी, हे मले आजही सांगता येत नाही. पण दरवेळी जीप भरल्यावरच तुझा शेवटचा शब्द कसा पडायचा, याचा मले संशय आहे. तू सीटा मोजून बोलायचा.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्या मागं लागलो होतो.

तुझी जीप एकदा रस्त्यात बंद पडली, इंजनाचा पट्टा तुटला. माणसं दुसऱ्या जीपनं गेली, त्यांच्याकडं नवा पट्टा सांगितला अन् आपण दोघं पळसाखाली बसून राह्यलो. टपरी नव्हती, हसणारे नव्हते. तू आपणहून बोलाले लागला. छावणीभोवती काटेरी तार होती, तारेच्या आत एक जुनी विहीर गेली होती. ती ज्याची, तो म्हातारा रोज बकऱ्या घेऊन तारेबाहेर येऊन बसे. फौजेतले पोरगेसे शिपाई त्याले पाण्याच्या बाटल्या देत. वाईट नव्हते ते, तू म्हणाला, घरच्या आठवणीनं रडणारे होते. अन् ते पाणी तुझ्याच टँकरनं आलेलं. एक दिवस तू फाटकापाशी थांबलेला असताना तो म्हातारा उठला, तुझ्याजवळ आला, टँकरवर हात ठेवला अन् बोलाले लागला.

“काय बोलला?” मी विचारलं.

तू रस्त्याकडं पाहिलं. “पट्टा आला वाटते,” म्हणाला.

कोणी आलं नव्हतं. रस्ता रिकामा होता.

त्यानंतर मी तुले किती वेळा विचारलं, गुलाब! टपरीवर, लग्नात, पोळ्याले बैल धुताना, दवाखान्याच्या बाकावर. तू म्हणायचा, “उद्या सांगतो.” माझा पक्का समज झाला की त्या म्हाताऱ्यानं माझ्याच बाजूचं काही बोलून ठेवलं होतं. माझी विहीर घेतली अन् मलेच बाटलीतून पाणी पाजतात, असं काही. ते सांगितलं असतं तर तू हरला असता, म्हणून दाबून बसला. शेवटच्या आठवड्यात तुझ्या खाटेपाशी बसून मी पुन्हा विचारलं. तू डोळे मिटून हसला अन् म्हणाला, “उद्या.” माणूस मरणाच्या दारातही एवढा हट्टी असते का? असते. मी असतो तर तेच केलं असतं.

म्हणून नदीवर सगळे माझ्याकडं पाहत होते तेव्हा माझ्या पोटात राग होता. सांगितलं तू नाही, अन् हार मी मानू?

सुमनवहिनी घाटावर आली होती. आपल्याकडं बाया तिथं फारशा येत नाहीत, पण तुझ्या बायकोले कोण अडवणार. ती उठून माझ्यापाशी लिंबाखाली आली.

“भाऊजी, तुमी तो तारेपाशचा बुढा इचारत होते ना त्याइले?”

“हो. काय बोलला होता?”

“त्याइले समजलंच नव्हतं.”

“काय?”

“बुढा काय बोल्ला ते. हे तवा नवे होते तिकडं. पानी, रोटी, गाडी, एवढंच समजे. तो लय बोल्ला म्हणे. रडला नाई, भांडला नाई, नुसता बोल्ला. अन् हे आपले हो-हो करत मान हालवत राह्यले. बोलून झालं तसा त्यानं छातीवर हात ठेवला अन् बकऱ्या घेऊन गेला. पुन्हा त्या तारेपाशी आलाच नाई म्हणे.” वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. “मले म्हणत, सुमन, मी त्याले काय कबूल केलं कोणाले ठाऊक.”



“मग मले काहून नाही सांगितलं त्यानं?”

“तुमी हासले असते.”

“मी नसतो हासलो.”



हसलो असतो, गुलाब. टपरीवर वर्षभर हसलो असतो. कोणी तोंड उघडलं की म्हटलं असतं, याले विचारा, हा न समजता हो म्हणते. मी इतकी वर्षं तुझ्या मुठीत हुकमाचं पान आहे असं समजून मूठ उघडायले निघालो होतो, अन् मूठ रिकामी होती. तू ‘उद्या सांगतो’ म्हणायचा ते खोटंही नव्हतं. उद्यापर्यंत समजेल, असं तुले वाटत असेल. त्या म्हाताऱ्याचे आवाज तू मनात पुन्हा पुन्हा चालवून पाहत असशील, जीप चालवता चालवता, मी बाकड्यावर बोट ठेवून बडबडत असताना. अन् माझ्या प्रत्येक विचारण्यानं ती मान पुन्हा हलत असेल.

मग मी लिंबाखालून निघालो. पिंडाजवळ गेलो नाही. बाजूनं, पाण्याच्या काठाले, कावळ्यांकडं पाठ करून उभा राहिलो. प्रतिज्ञा जिथली तिथं ठेवून आपल्या दोस्ताशी बोलायले कोणाची मनाई नाही. मी म्हटलं, जरा मोठ्यानंच, कारण मागच्या माणसांनाही ऐकू जावं:

“गुलाब, हार मी मानत नाही. मचाण ते मचाणच. पण त्या म्हाताऱ्याचं मी आता तुले कधी विचारणार नाही. अन् तुझी बाजू मी माझ्या हातानं लिहून काढीन, काजळीच्या पावसासकट, काटछाट न करता.”

मागं गलका झाला. शिवला, शिवला! मी वळून पाहिलं नाही. ऊन चढलं होतं अन् कावळ्यालेही भूक लागते. तू मनात हसत असशील तर हस. मी ते मानत नाही, अन् मी ते मानावं असं तूही कधी म्हटलं नाहीस. याच्यासाठी मी तुझा ऋणी आहे.

तर हे लिहून काढलं. तुझी बाजू वर आहे. माझ्या बाजूपेक्षा ती थोडी चांगली उतरली असं घरच्यांचं म्हणणं आहे. मले त्यांचाही संशय आहे.

काल टपरीवर गेलो. बाकड्यावर तुझी जागा कोणी घेतली नव्हती, सगळे उभे होते. टपरीवाल्यानं पेपर माझ्या हातात दिला अन् म्हणाला, “काका, आपलं बी जहाज चाललं म्हणते तिकडं. तेलाच्या जहाजाइच्या राखणीले. बरं झालं ना?” आजूबाजूचे म्हणाले, हो, हो, बरंच झालं. अन् गुलाब, माझीही मान हलली. मी ती हलताना ओळखली. तुझ्यासारखीच हलत होती, वरखाली, समजल्यासारखी.

मी ती थांबवली. म्हटलं, थांबा, पहिले वाचू द्या. कोणाच्या दारात, अन् कोणं बोलावलं, ते पाहू द्या. चश्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं अन् बातमी पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचली. बोलावलं कोणं, ते तिच्यात कुठंच नव्हतं.

तोवर जीप भरली. संजयनं हॉर्न दिला. मी बातमी पुन्हा वरून सुरू केली.

तुझा,
दौलत